सोन्याचे पत्रे, यशयाची गुंडाळी आणि होरचा पपायरस

(दृश्य: पाल्मायरा, न्यूयॉर्क राज्य. हातानं चालवायचं जुनं छपाईयंत्र.)

मार्च १८३०. पाल्मायरा गावातल्या ई. बी. ग्रँडिन यांच्या छापखान्यातून एक जाडजूड पुस्तक विक्रीला आलं. प्रती ५,०००, खर्च ३,००० डॉलर. या पैशांसाठी मार्टिन हॅरिस या शेतकऱ्यानं आपली जमीन गहाण टाकली होती. पुस्तकाचं नाव ‘बुक ऑफ मॉर्मन’.

ते सांगणारा जोसेफ स्मिथ तेव्हा २४ वर्षांचा होता. त्याचं म्हणणं असं: मोरोनी नावाच्या देवदूतानं आपल्याला टेकडीत पुरलेले सोन्याचे पत्रे दाखवले, त्यांवरची लिपी आपण देवाच्या सामर्थ्यानं वाचली आणि मजकूर लेखनिकाला तोंडी सांगितला. इसवी सन पूर्व ६००च्या सुमारास यरुशलेम सोडून अमेरिकेत पोहोचलेल्या एका कुटुंबाची आणि त्याच्या वंशजांची ही कथा. पुनरुत्थानानंतर ख्रिस्तानं त्यांनाही दर्शन दिलं, असं ती सांगते.

स्मिथनं स्थापन केलेली मॉर्मन मंडळी (म्हणजे चर्च) आज चार प्रमाणग्रंथ मानते: बायबल, बुक ऑफ मॉर्मन, डॉक्ट्रिन अँड कोव्हेनंट्स आणि पर्ल ऑफ ग्रेट प्राइस. मग बायबलच्या शेजारी, त्याच मानानं, बाकीचे तीन ठेवता येतील का?

या प्रश्नाला दोन झटपट उत्तरं दिली जातात आणि दोन्ही अपुरी आहेत.

पहिलं ख्रिस्ती बाजूचं. ‘या पुस्तकात कोणी भर घालू नये’ हे बायबलच्या ‘प्रकटीकरण’ या शेवटच्या पुस्तकातलं वचन (२२:१८) पुढे केलं जातं. पण ते वचन त्या एका पुस्तकापुरतं आहे. तशीच ताकीद जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातही (४:२) आहे. ती शब्दशः लावली तर अनुवादानंतरची सगळी पुस्तकं, नवा करार धरून, बाद होतील. ज्यांना मॉर्मन शेजाऱ्याशी प्रामाणिकपणे बोलायचं आहे त्यांनी हे वचन पुढे करू नये.

दुसरं मॉर्मन बाजूचं. बुक ऑफ मॉर्मनमधला ‘मोरोनी’ हा भाग (१०:४) सांगतो, मनापासून प्रार्थना करा, पवित्र आत्मा तुम्हाला सत्य दाखवील. लाखो माणसांची श्रद्धा याच अनुभवावर उभी आहे आणि त्या अनुभवाची थट्टा करण्याचं कारण नाही. पण अमुक वाक्य प्राचीन आहे की सतराव्या शतकातलं, हे प्रार्थनेतल्या समाधानावरून ठरत नाही. बिरुया गावच्या लोकांचं बायबल कौतुक करतं, ते त्यांनी प्रेषित पौलाचं बोलणं रोज शास्त्र उघडून पडताळलं म्हणून.

पडताळायचं तर कशाशी? पत्रे आज नाहीत. अकरा साक्षीदारांच्या सह्यांची निवेदनं पुस्तकात छापलेली आहेत, पण काम झाल्यावर पत्रे देवदूतानं परत नेले, असं स्मिथनं सांगितलं. त्यामुळे मूळ आणि भाषांतर शेजारी ठेवून पाहण्याची सोय उरली नाही. उरतात त्या तेवढ्याच जागा, जिथं स्मिथचा मजकूर आपल्या हाती असलेल्या एखाद्या जुन्या लेखाशी भिडतो.

(दृश्य: मृत समुद्राजवळच्या कुमरान इथल्या गुहा. यशयाची गुंडाळी उलगडते.)

अशी सर्वांत मोठी जागा म्हणजे बायबलमधलं यशया या संदेष्ट्याचं पुस्तक. बुक ऑफ मॉर्मनमधल्या २ नीफाय या भागाचे १२ ते २४ हे अध्याय म्हणजे यशयाचे २ ते १४ अध्याय, जवळजवळ जसेच्या तसे. दावा असा की यरुशलेम सोडताना या कुटुंबानं शास्त्राची जी प्रत बरोबर नेली, त्यातून हे उतरवलं. म्हणजे ती प्रत आपल्याकडच्या कुठल्याही हिब्रू प्रतीपेक्षा जुनी. कुमरानच्या गुहेत सापडलेली यशयाची गुंडाळी इसवी सन पूर्व दुसऱ्या शतकातली आहे. ५४ स्तंभांत सगळे ६६ अध्याय. तिच्याशी तुलना करणं अगदी रास्त.

दोन्ही पुस्तकं उघडा आणि यशया ९:१ काढा. छापील हिब्रू बायबलमध्ये हेच वचन ८:२३ या क्रमांकावर असतं. शोधताना इथंच घोटाळा होतो. देवानं आधी जबुलून आणि नफताली या प्रांतांना हलकं केलं, पण पुढे समुद्राकडच्या वाटेचा, यार्देनेपलीकडचा गालील तो मानाला पोहोचवील, असा त्याचा ओघ. हिब्रू धातूचा मूळ अर्थ ‘जड करणे’. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही: गुरू म्हणजे जड, आणि त्यापासूनच गौरव. वजन हे ओझंही असतं आणि मानही.

१६११च्या किंग जेम्स भाषांतरकारांनी इथं ओझं निवडलं. देवानं त्या प्रांताला ‘अधिकच पीडा दिली’, असं त्यांचं इंग्रजी म्हणतं. पुढच्याच ओळीत अंधारातल्या लोकांना मोठा प्रकाश दिसतो, त्यामुळे ही पीडा संदर्भात बसत नाही. नंतरच्या बहुतेक भाषांतरांनी ती दुरुस्त केली. २ नीफाय १९:१ मध्ये मात्र तीच पीडा, त्याच इंग्रजी शब्दांत आहे. शिवाय समुद्राच्या जागी ‘तांबडा समुद्र’ आला आहे. गालील उत्तरेला, तांबडा समुद्र शेकडो किलोमीटर दक्षिणेला. कुमरानच्या गुंडाळीत ‘तांबडा’ नाही.

‘तांबडा’ हा शब्द लेखनिकाच्या चुकीनं घुसला असावा, असं मानणारे मॉर्मन अभ्यासकही आहेत, आणि ते शक्य आहे. पण पीडेचं काय? देवानं वाचकांच्या ओळखीच्या बायबलची भाषा वापरली, हे त्यावरचं नेहमीचं उत्तर. भाषा उसनी घेतली हे पटू शकतं. त्या भाषेतली चूकही देवाच्या सामर्थ्यानं झालेल्या भाषांतरात का यावी, याला ते उत्तर पुरत नाही.

इथं एक काळजी घ्यायला हवी. यशयाचे ४०पासूनचे अध्याय बाबेलच्या बंदिवासाच्या काळातले, म्हणून ते त्या कुटुंबाकडे असूच शकत नव्हते, असाही युक्तिवाद केला जातो. पण पारंपरिक ख्रिस्ती वाचक अख्खा यशया एकाच संदेष्ट्याचा मानतात. त्यांनी तरी हे हत्यार उचलू नये.

दुसरी जागा प्रभूची प्रार्थना. ‘राज्य, सामर्थ्य आणि गौरव ही सर्वकाळ तुझीच’ हा तिचा शेवट चौथ्या शतकातल्या दोन्ही थोर ग्रीक हस्तलिखितांत, सिनाय आणि व्हॅटिकन प्रतींत, मत्तय ६:१३ मध्ये सापडत नाही. ३ नीफाय १३:१३ मध्ये तो आहे. हा पुरावा यशयाइतका भक्कम नाही. ख्रिस्तानं अमेरिकेत ते शब्द उच्चारले, असं कोणी म्हणू शकतं.

आणि तराजू एकच हवा. बायबलच्या प्रतींतही मागाहून भर पडली आहे: मार्क १६:९ ते २०, योहान ८ मधली व्यभिचारी स्त्रीची गोष्ट. ही भर आपल्याला ओळखू आली, कारण नव्या कराराची ५,०००हून अधिक ग्रीक हस्तलिखितं हाताशी आहेत आणि ती एकमेकांशी ताडून पाहता येतात. त्यातून बायबल ईश्वरी आहे हे सिद्ध होत नाही, ती श्रद्धेचीच गोष्ट राहते. पण त्याचा मजकूर उघड्यावर तपासला जातो.

(दृश्य: पपायरसचे तुकडे, कागदावर चिकटवलेले.)

स्मिथच्या कामाचं मूळ एका ठिकाणी मात्र आजही पाहता येतं. जुलै १८३५मध्ये ओहायोतल्या कर्टलंड इथं मायकेल चँडलरकडून चार ममी आणि काही पपायरस (लव्हाळ्याच्या कागदावरचे प्राचीन इजिप्ती लेख) २,४०० डॉलरना विकत घेतले गेले. त्यातून आलेलं ‘बुक ऑफ अब्राहम’ १८४२मध्ये छापलं गेलं. अब्राहामानं इजिप्तमध्ये असताना स्वहस्ते पपायरसवर लिहिलेलं, असं त्याच्या मथळ्यात म्हटलं होतं. १८८०मध्ये ते ‘पर्ल ऑफ ग्रेट प्राइस’चा भाग म्हणून प्रमाणग्रंथांत गेलं.

हे पपायरस १८७१च्या शिकागोच्या आगीत जळाले, असाच समज होता. मग २७ नोव्हेंबर १९६७ला न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानं ११ तुकडे मंडळीच्या हवाली केले. पुस्तकातलं पहिलं चित्र ज्यावरून घेतलं, तो तुकडाही त्यांत निघाला. त्याला लागून असलेला मजकूर इजिप्ततज्ज्ञांनी वाचला: थीब्ज इथल्या होर नावाच्या पुजाऱ्याचं ‘श्वासाचं पत्र’, अब्राहामानंतर हजाराहून अधिक वर्षांनी लिहिलेलं. अब्राहामाचं नाव त्यात नाही. या तुकड्यांवरची अक्षरं पुस्तकाशी जुळत नाहीत, हे मंडळीनं २०१४मध्ये आपल्या संकेतस्थळावर लेख लिहून मान्य केलं. एवढ्या स्पष्टपणे ते छापणं सोपं नव्हतं; त्याचं श्रेय द्यायला हवं.

त्या लेखात दोन शक्यता मांडल्या आहेत. एक, खरा मजकूर हरवलेल्या भागात असेल. दुसरी, पपायरस हे फक्त निमित्त होतं आणि प्रकटीकरण थेट देवाकडून आलं. दुसरी कुठल्याच पुराव्यानं खोडता येत नाही, म्हणून पुष्कळांना ती पटते. पण तिसऱ्या चित्राखाली छापलेलं स्मिथचं स्पष्टीकरण पाहा. दुसऱ्या क्रमांकाची आकृती फारो राजाची, आणि त्याचं नाव डोक्यावरच्या अक्षरांत दिलेलं आहे, असं ते सांगतं. इथं निमित्ताचा प्रश्न येत नाही. ठरावीक अक्षरांचा ठरावीक अर्थ सांगितलेला आहे. ती अक्षरं आज वाचता येतात. आकृती इसिस देवीची आहे आणि वर नावही तिचंच आहे. स्मिथनं जिला अब्राहाम म्हटलं, ती शेजारची आकृती ओसिरिसची.

म्हणूनच या ग्रंथांना बायबलच्या ओळीत बसवता येत नाही, असं आम्हाला वाटतं.

(दृश्य: तुकड्यावरची अक्षरं, अगदी जवळून.)

होरच्या पपायरसवर त्याच्या आईवडिलांची नावं आहेत. पुढे अंत्यविधी करणाऱ्यांसाठी सूचना आहे: हे पत्र त्याच्या डाव्या हाताखाली, हृदयाजवळ ठेवावं, आणि वरून कापड गुंडाळावं, म्हणजे त्याला मरणानंतर देवांच्या आत्म्यांसारखा कायम श्वास घेता येईल.