चौकटीत झाडही हवे

श्रोतेहो, नमस्कार.

माणूस ज्या गणात मोडतो त्या नरवानर गणात, म्हणजे प्रायमेट्समध्ये, आज पाचशेहून अधिक जाती ओळखल्या जातात. तळहातावर सहज मावेल असा मादागास्करचा माऊस लेमूर याच गणातला आणि दीडशे किलोहून अधिक वजनाचा गोरिला नरही याच गणातला. २०१७ साली अनेक देशांतील तज्ज्ञांनी मिळून घेतलेल्या आढाव्यात यांपैकी सुमारे ६० टक्के जाती नामशेष होण्याच्या धोक्यात असल्याचे आणि सुमारे ७५ टक्के जातींची संख्या घटत असल्याचे दिसून आले. त्याच वर्षी सुमात्रा बेटावरील बातांग तोरूच्या जंगलात राहणारा ओरांगउटान ही एक स्वतंत्र जात असल्याचे शास्त्रज्ञांनी जाहीर केले. आठशेहून कमी संख्या असलेली ही जात नाव मिळाले त्याच दिवशी जगातील सर्वांत दुर्मिळ महावानर ठरली.

यांतील बहुतेक प्राणी तुमच्या-माझ्या प्रत्यक्ष दृष्टीस कधीच पडणार नाहीत. त्यांची आपली ओळख होते ती छायाचित्रांतून आणि अलीकडे मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितींतून. म्हणूनच छायाचित्रकार चौकटीत काय घेतो आणि काय वगळतो, याचे परिणाम पार जंगलापर्यंत पोहोचतात. माझे म्हणणे थोडक्यात असे की माकडाच्या चांगल्या छायाचित्रात माकडाइतकेच त्याचे झाडही दिसले पाहिजे आणि माणसाचा हात मात्र मुळीच दिसता कामा नये.

हात का नको, हे स्लो लोरिसच्या उदाहरणावरून कळते. आग्नेय आशियात आणि आपल्या ईशान्य भारतातही आढळणारा हा निशाचर, मोठ्या डोळ्यांचा, संथ हालचालींचा प्राणी. २००९च्या सुमारास त्याची एक चित्रफीत जगभर गाजली. घरात पाळलेल्या लोरिसला कोणी गुदगुल्या करते आहे आणि तो दोन्ही हात वर करून जणू मजेत पडून आहे, असे ते दृश्य. लाखो लोकांनी कौतुक केले आणि असा प्राणी आपल्याकडेही असावा, असे अनेकांनी लिहिले. खरे तर लोरिसच्या कोपराजवळ दंडाच्या आतल्या बाजूला एक ग्रंथी असते. संकट आले की तो हात डोक्यावर नेतो, त्या ग्रंथीतील स्राव चाटतो आणि लाळेत मिसळलेल्या त्या विषासह चावण्याच्या तयारीत राहतो. पाहणाऱ्यांना जो आनंद वाटला, ती त्या प्राण्याची बचावाचा पवित्रा घेतलेली अवस्था होती. लोरिसच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २००७ सालीच बंदी आलेली आहे, तरी चोरट्या बाजारात तो विकला जातो आणि विकण्यापूर्वी त्याचे दात नखे कापायच्या हत्याराने तोडले जातात. ते दृश्य अर्थातच कोणत्याही चित्रफितीत नसते. पुढे २०२१ साली आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या प्रायमेट तज्ज्ञांनी छायाचित्रांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. संशोधकांनी आणि प्राणिसंग्रहालयांनीही माकडाला कडेवर घेतलेले वा त्याच्याशी खेळतानाचे फोटो प्रसिद्ध करू नयेत, हा त्यांचा गाभा आहे. आपुलकीने काढलेला फोटोही पाहणाऱ्याच्या मनात मालकीची हौस जागवतो, हे त्यामागचे कारण मला पूर्णपणे पटते.

आता झाडाविषयी. पश्चिम घाटाच्या दक्षिण भागाबाहेर जगात कोठेही न आढळणारे सिंहपुच्छ माकड, ज्याला कन्नड मुलखात सिंगळीक म्हणतात, ते चार हजारांहूनही कमी उरले आहे. काळेभोर अंग, चेहऱ्याभोवती करड्या रुपेरी केसांची आयाळ आणि टोकाला गोंडा असलेली शेपटी, असे त्याचे रूप. केरळमधील कुंतीपुळा नदीवर धरण बांधून सायलेंट व्हॅलीचे अरण्य बुडवण्याची योजना १९७०च्या दशकात पुढे आली, तेव्हा तिच्याविरुद्धच्या चळवळीचा चेहरा बनले ते हेच माकड. १९८४ साली त्या खोऱ्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. ज्या प्राण्याला आंदोलकांपैकी बहुतेकांनी पाहिलेही नसेल, त्याच्यासाठी एवढा मोठा प्रकल्प रद्द व्हावा, ही आपल्या देशाच्या इतिहासातील मला अतिशय अभिमानाची वाटणारी गोष्ट आहे. गोव्यापासून फार दूर नसलेल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील अघनाशिनीच्या खोऱ्यातही त्याचे कळप आहेत आणि तेथे २०११ साली त्याच्यासाठी संवर्धन राखीव क्षेत्र घोषित झाले.

मात्र त्याचे फोटो सर्वांत सहज मिळतात ते तमिळनाडूत, अण्णामलै डोंगरावरील वालपराई या चहामळ्यांच्या गावाजवळ. तेथे मळ्यांमध्ये अडकून पडलेल्या जंगलाच्या एका तुकड्यात काही कळप राहतात आणि शेंड्याला शेंडा भिडलेली सलग झाडी तुटल्यामुळे ते रस्त्यावर, छपरांवर आणि कचऱ्याच्या ढिगांवरही उतरतात. वास्तविक हा प्राणी उंच सदाहरित वृक्षांच्या शेंड्यांवर आयुष्य काढणारा, फणस आणि कुलेनियाची काटेरी फळे फोडून खाणारा. रस्त्याच्या कडेला बिस्किटाचा पुडा दाखवून जवळ बोलावलेल्या माकडाचा फोटो सुस्पष्ट येतो, आयाळीचा केस न् केस मोजता येतो, पण तो फोटो बिस्किटाच्या सवयीचा असतो आणि त्या सवयीपायी माकडे गाड्यांखाली सापडतात. नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशन या संस्थेने तेथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या झाडांमध्ये पूल टांगले आहेत आणि वाहने सावकाश जावीत म्हणून राखणदार नेमले आहेत. त्या पुलावरून ओळीने जाणारा कळप टिपायला वेळ काढावा लागतो, मान अवघडते, पण त्या एका चौकटीत त्या माकडाचे सारे दुखणे आणि त्यावरचा उपाय दोन्ही मावतात.

तंत्राच्या दृष्टीनेही हे काम सोपे नाही. काळा प्राणी उंचावर आणि त्याच्या मागे पांढरे आभाळ, अशा वेळी कॅमेऱ्याचे मीटर आभाळाच्या उजेडाला फसते आणि हाती नुसती काळी आकृती येते. एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घेतला जाणारा उजेड, एक ते दीड स्टॉप (उजेडाची पायरी) वाढवले तर चेहरा उघडतो, मात्र आभाळ फटफटीत होते. त्याहून चांगले म्हणजे डोंगरउताराचा फायदा घेऊन शेंड्यांच्या पातळीला उभे राहणे, म्हणजे पार्श्वभूमीला पाने येतात. ढगाळ दिवस मिळाला तर कडक सावल्यांचाही जाच राहत नाही. फ्लॅशचा विचारही मनात आणू नये, विशेषतः लोरिससारख्या निशाचरांच्या बाबतीत.

आसामातील जोरहाट जिल्ह्यातले होल्लोंगापार गिबन अभयारण्य जेमतेम २१ चौरस किलोमीटरचे आहे, पण तेथे प्रायमेट्सच्या सात जाती नांदतात. त्यांतला हुलॉक गिबन हा भारतातील एकमेव पुच्छहीन वानरगट. नर काळा आणि पांढऱ्या भुवयांचा, तर प्रौढ मादी फिकट बदामी. सकाळी जोडी मिळून गाते आणि तो आवाज दूरवर ऐकू जातो. हे प्राणी जमिनीवर क्वचितच उतरतात, हातांनी झोके घेत फांदीवरून फांदीवर जातात. या अभयारण्याच्या मधून लोहमार्ग गेला आहे. ट्रेनच्या डब्यांसाठी ती काही मीटरची मोकळी पट्टी किरकोळ आहे, गिबनच्या कुटुंबासाठी मात्र ती नदीच. लोहमार्गाशिवाय काढलेला गिबनचा फोटो सुंदर दिसेल, परंतु माझ्या मते तो अपुरा आहे.

अंतराच्या शिस्तीचा आदर्श पाहायचा असेल तर रवांडा आणि युगांडातील पर्वतीय गोरिलांकडे पाहावे. माणसाची साधी सर्दीही गोरिलाच्या जिवावर बेतू शकते. म्हणून एका कुटुंबाजवळ दिवसाला आठच पर्यटक, तेही एकच तास आणि सात मीटर दूर. कोविड महामारीनंतर हे अंतर दहा मीटरवर नेण्यात आले आणि मुखपट्टी आली. रवांडात या एका तासाचे शुल्क १५०० डॉलर आहे, ही रक्कम ऐकून माझ्यासारख्याचा कॅमेरा पिशवीतच राहतो, पण पर्यटनाच्या त्याच पैशावर तेथील राखणदार उभे आहेत. गोरिलांची संख्या आज हजाराच्या वर गेली आहे.

त्यामानाने आपल्याला सुरुवात घराजवळच करता येते. गडांवर, घाटांत आणि देवस्थानांच्या पायऱ्यांवर दिसणारे लाल तोंडाचे माकड, ज्याच्या डोक्यावर मधोमध भांग पाडल्यासारखे केस असतात, ते म्हणजे बॉनेट मकाक, केवळ दक्षिण आणि पश्चिम भारतात आढळते. बागांची नासधूस सोसणाऱ्या कोकणातल्या शेतकऱ्याला हे सांगणे अवघड आहे, त्याचा राग खरा आहे, तरीही हे माकड आता असुरक्षित जातींच्या यादीत गेले आहे. उत्तरेकडचे ऱ्हीसस माकड त्याच्या प्रदेशात दक्षिणेकडे सरकते आहे, हेही त्याच्या घटीचे एक कारण. दोघांतला फरक फोटोत सहज दिसतो. आपल्याकडच्या माकडाची शेपटी लांब, जवळजवळ धडाएवढी, तर ऱ्हीससची आखूड आणि पार्श्वभागाकडचा रंग तांबूस. म्हणून फोटो काढताना शेपटी चौकटीबाहेर जाऊ देऊ नका, ठिकाण आणि तारीख नोंदवा आणि आयनॅचरलिस्टसारख्या इंटरनेटवरील नोंदसंग्रहावर तो चढवा. तापीच्या दोन्ही तीरांवरून, खानदेशातून आणि विदर्भातून अशा नोंदी येत राहिल्या, तर ऱ्हीससची सीमा नेमकी कोठे पोहोचली आहे, हे अभ्यासकांना नकाशावर आखता येईल.