पाटणादेवी ते पितळखोरे : वंदनेची पायवाट

श्रोतेहो, नमस्कार.

आषाढी पौर्णिमेला सुरू झालेला वर्षावास, म्हणजे बौद्ध भिक्खूंचा पावसाळ्यातील एका जागीचा मुक्काम, आश्विन पौर्णिमेला संपतो, विहारातील तीन महिन्यांच्या ग्रंथवाचनाची सांगता होते, आणि त्यानंतरच्या रविवारी आमचे चाळीसगाव परिसरातील उपासक-उपासिका पाटणादेवीच्या जंगलातून पितळखोऱ्याच्या लेण्यांपर्यंत पायी जातात. पितळखोरे आज छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, कन्नड तालुक्यात मोडते. तरीही चाळीसगावपासून सुमारे 18 किलोमीटरवरील पाटणादेवीहून डोंगर चढत जाणाऱ्या खानदेशी माणसाला ते लेणे परक्या जिल्ह्यातले वाटत नाही.

ही सहल आहे की पूजा, असे पुष्कळ जण विचारतात. ‘चरथ भिक्खवे चारिकं, बहुजनहिताय बहुजनसुखाय’, म्हणजे भिक्खूंनो, बहुजनांच्या हितासाठी आणि सुखासाठी फिरत राहा, असे सांगून तथागतांनी भिक्खूंना वाटेला लावले, तेव्हापासून धम्म पायांनीच गावोगाव पोहोचला, म्हणून आमच्या लेखी वंदनेची सुरुवात पहिल्या पावलापासून होते. पावसाळ्यात चालणाऱ्या भिक्खूंच्या पायांखाली कोवळे गवत आणि बारीक जीव तुडवले जातात, अशी लोकांची तक्रार होती, आणि त्यातूनच वर्षावासाचा नियम आला, हेही आम्ही निघताना सर्वांना सांगतो. त्यामुळे आम्ही एका रांगेत, पायवाट न सोडता चालतो.

आता मुख्य गोष्ट, आणि ती मी दोनदा सांगणार आहे. फुले बरोबर घ्यावीत, काडेपेटी घरी ठेवावी. लेण्यात मेणबत्ती नाही, धूप नाही, अगरबत्ती नाही. पितळखोऱ्याच्या चैत्यगृहातील, म्हणजे स्तूप असलेल्या वंदनेच्या दालनातील, खांबांवर नंतरच्या काळात रंगवलेली बुद्धचित्रे आहेत आणि धुराची काजळी त्यांच्यावर बसली तर ती पुन्हा निघत नाही. शिवाय हा सारा परिसर 1986 साली घोषित झालेल्या गौताळा औट्रमघाट अभयारण्याचा आहे, आणि पाऊस सरल्यावर तेथील गवत वाळू लागते. म्हणून पुन्हा सांगतो : फुले बरोबर, काडेपेटी घरी.

हा नियम आम्हाला ज्या दिवशी खऱ्या अर्थाने समजला, त्या दिवसाची हकीकत सांगितल्यावाचून माझ्याने पुढे जाववत नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्याबरोबर एक आप्पा आले होते. बाजारात हातगाडीवर अगरबत्ती, कापूर आणि धूप विकून त्यांनी तीन मुलांची शिक्षणे केली. आयुष्यात प्रथमच लेण्यात वंदनेला जायचे म्हणून त्यांनी आपल्या गाडीवरची सर्वांत चांगली मोगऱ्याची अगरबत्ती, चाळीस माणसांना पुरेल इतकी, कापडात बांधून आणली होती. गुडघे दुखत असताना ते सारी चढण चढले; दोन ठिकाणी ओढ्यातल्या दगडांवर आम्ही त्यांना हात दिला, परंतु ते गाठोडे त्यांनी कोणालाही धरू दिले नाही. चैत्यगृहापाशी पोहोचल्यावर तेथील पहारेकऱ्याने हात जोडून सांगितले, “आप्पा, येथे काही पेटवता येणार नाही.” आप्पा एक शब्दही बोलले नाहीत. त्यांनी गाठोडे छातीशी धरले आणि ते मागे जाऊन उभे राहिले. आमच्यापैकी दोघे पहारेकऱ्याशी वाद घालण्याच्या तयारीत होते, त्यांना मी थांबवले खरे, पण त्या म्हाताऱ्या माणसाकडे पाहण्याचे धैर्य मला होत नव्हते.

त्रिशरण झाले, पंचशील झाले, बुद्धपूजेची गाथा झाली. ‘पुप्फं मिलायाति यथा इदं मे, कायो तथा याति विनासभावं’, म्हणजे हे फूल जसे कोमेजते, तसाच हा देहही नाशाकडे जातो. (मुलांकडून या गाथा नुसत्या पाठ करून घेऊ नयेत, त्यांचा अर्थ घरच्या अहिराणीत समजावून द्यावा, असे माझे ठाम मत आहे.) वंदना आटोपल्यावर मी सर्वांना खांबांवरील ब्राह्मी लेख दाखवू लागलो. त्यांतल्या एका लेखात असे कोरले आहे, की हा खांब पैठणच्या मितदेव नावाच्या गंधिकाच्या कुळाचे दान आहे. गंधिक म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी, एवढे मी म्हणालो, आणि मागून आवाज आला :

“भाऊ, तो बी मनाच धंदाना व्हता का?”

आप्पा पुढे आले. पैठण येथून किती लांब, असे त्यांनी विचारले. शंभर किलोमीटरहून अधिक, असे मी सांगितले. तेवढ्या लांबच्या माणसाने येथे खांब का दिला, त्याला किती खर्च आला असेल, त्याने काय काय विकले असेल, असे एकामागून एक प्रश्न ते विचारत राहिले, आणि त्यांतील एकाचेही उत्तर माझ्यापाशी नव्हते. मग त्यांनी कोमेजलेल्या हाराचा दोरा मागून घेतला. त्याचे एक टोक पहारेकऱ्याच्या हातात दिले, दुसरे स्वतः धरले, आणि खांबाला जराही स्पर्श होऊ न देता, त्याच्यासमोर हवेत दोरा ताणून त्यांनी खांबाची रुंदी मोजली व तेथे गाठ मारली. सुमारे 2000 वर्षांपूर्वीच्या त्या दानाचे माप घेताना त्यांचे हात थरथरत होते. तो दोरा आज त्यांच्या गाडीवर तराजूशेजारी टांगलेला आहे, आणि गिऱ्हाइकाने विचारले की ते सांगतात, “मितदेवना खांब इतला रुंद शे.”

पितळखोऱ्याची प्रसिद्ध यक्षमूर्ती कण्हदास नावाच्या सोनाराने घडवल्याचे तिच्या हातावर कोरले आहे, आणि ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिच्याविषयी सविस्तर बोलायचे होते, परंतु वेळ थोडा उरला आहे.

जाऊ इच्छिणाऱ्यांनी वनखात्याची परवानगी घ्यावी आणि वाट जाणणारा स्थानिक माणूस सोबत ठेवावा. पिण्याचे पाणी घरूनच न्यावे. शिदोरीला दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी असावी; पाकिटातले खाऊ आणणाऱ्यांशी मी दरवर्षी भांडतो, कारण दशमी दोन दिवस टिकते आणि तिच्यामागे जंगलात कचरा राहत नाही. वाहिलेली फुलेसुद्धा आम्ही परत आणतो. आणि तिसऱ्यांदा सांगतो : काडेपेटी घरी. दिवस मावळण्यापूर्वी खाली उतरून आम्ही विहारात येतो आणि राहिलेली धूप-दीप पूजा तेथे करतो. त्या दिवशी आप्पांनी कापडाची गाठ तेथेच सोडली होती, आणि तेव्हापासून दरवर्षी त्या संध्याकाळची अगरबत्ती त्यांच्याच गाडीवरून येते.

नमस्कार.