शिंका कुणाकडून आल्या?

नमस्कार मंडळी! पावसाळा लागला की निम्मी मुंबई शिंकायला लागते. गाद्यांना ओल, भिंतीला बुरशी, कपडे घरातच दोरीवर, आणि नव्या टॉवरमध्ये तर बिल्डरने गॅलरीच गायब केलीय, वाळत घालायचं कुठे? जाऊ दे, आज विषय ॲलर्जीचा.

आमच्या घरातला किस्सा सांगतो. बाबा लालबागच्या चाळीतून डोंबिवलीला मुलगी बघायला निघाले, जुलै महिना, धो धो पाऊस. उंबऱ्यावर शिंकले. आजी म्हणाली, बस खाली, पाणी पी, मग जा. बसले, पाणी प्यायले, उठले, परत शिंकले! असं चार वेळा. आजोबा वैतागले, अहो याला रोजच शिंका येतात, मुहूर्त कसला बघताय! चारचं पोचायचं ते सहाला पोचले. तिकडे मुलगी पोहे घेऊन बाहेर आली आणि ट्रे हातात असतानाच लागोपाठ पाच शिंका, ट्रे खाली, पोहे सतरंजीवर, आणि समोरून बाबांच्या सहा! दोन मिनिटं कोणीच बोललं नाही, मग मुलीचे वडील म्हणाले, जमलं म्हणायचं!

जमलं, पण फटका बसला आम्हाला. आईबाबा दोघंही ॲलर्जीवाले असले की मुलांना होण्याची शक्यता आणखी वाढते. पण नीट ऐका, वारशाने येते ती ठरावीक ॲलर्जी नाही, ॲलर्जीकडे असलेला कल. म्हणून त्यांना नुसत्या शिंका, मला एक्झिमा, म्हणजे कातडी कोरडी पडून खाज सुटते तो, धाकट्याला दमा, आणि कोलंबी खाल्ली की बहिणीच्या अंगावर पित्त उठतं. कल वारशाचा, रूप ज्याचं त्याचं.

यामागे एकच जीन नाही, बरेच आहेत. त्यातला एक फिलॅग्रिनचा, त्वचेची भिंत घट्ट ठेवणाऱ्या प्रोटीनचा. तो बिघडलेला असला की कातडी कोरडी पडते, फटी पडतात, आणि त्यातून धूळ, माइट्सचे (गादीतल्या धुळीत राहणाऱ्या बारीक किड्यांचे) कण आत शिरतात, एक्झिमाशी त्याचा संबंध 2006 मध्ये सापडला. पण जीन म्हणजे सगळं नाही हं, एकसारख्या जुळ्यांमध्येसुद्धा कधी एकालाच ॲलर्जी असते, दुसरा मजेत कोलंबी खातो.

डॉक्टर विचारतात ना, घरात कोणाला दमा, शिंका, खाज? तेव्हा आईकडचे, बाबांकडचे सगळे सांगा. आमच्याकडे तर डॉक्टरांनी कागद उलटा करून मागे लिहिलं.