साडेतीनशे सिम आणि कँटीनची खिडकी

(चिंचवडच्या एका व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्षमहाराज आणि मित्रहो,

पत्रिकेवर विषय छापलाय 'कॉर्पोरेट मोबाईल करार : स्पर्धा आणि सवलती'. हे वाचूनसुद्धा एवढी मंडळी आली, म्हणजे एक तर आज मॅच नाही, नाहीतर नंतर बटाटेवडे आहेत ही बातमी कुणीतरी फोडली. वडे आहेत. पण चाळीस मिनिटं मला सहन करावं लागेल.

मी उभं आयुष्य परचेसमध्ये काढलं. भोसरीत सुरुवात, चाकणला शेवट. पत्रा, नटबोल्ट, कटिंग ऑइल, कँटीनची तूरडाळ, सगळं घेतलं. न मागता सवलत मिळाली, की मी आधी गोणी उलटी करून बघायचो, तळाशी काय भरलंय ते. मोबाईलच्या वेळी मात्र गोणी उलटी करायची राहिली. आजचं बोलणं त्या राहून गेलेल्या कामाबद्दल आहे.

पुढच्या रांगेतल्या बऱ्याच जणांना आठवत असेल. 31 जुलै 1995ला पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीला तेव्हाचे केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाईल कॉल केला. त्या काळात गर्दीच्या वेळी मिनिटाला 16 रुपयांच्या वर मोजावे लागत, आणि येणाऱ्या कॉललाही पैसे पडत. आमच्या साहेबांकडे फोन होता. तो वाजला की ते नंबर बघायचे, कट करायचे आणि लँडलाइनकडे पळायचे. मोबाईल म्हणजे पेजरच होता, फक्त महाग. 1 मे 2003ला येणारे कॉल फुकट झाले आणि मग कुठे माणसं फोन उचलायला लागली.

आणखी एक गंमत, विषयाशी थोडी लांबची. टेलिकॉमच्या नकाशात गोवा महाराष्ट्रात आणि मुंबई महाराष्ट्राबाहेर! आमचा सेल्सचा माणूस पणजीला गेला तर घरचा, आणि गाडीनं कल्याण गाठलं की परमुलखात, रोमिंग चालू व्हायचं. संयुक्त महाराष्ट्रासाठी एवढं सगळं झालं, आणि ही सर्कल, म्हणजे टेलिकॉमचे विभाग, आखणाऱ्याला कुणी सांगितलंच नाही. असो.

आता गोष्ट. साल 2014. आमच्या कारखान्यात साडेतीनशे कंपनी-फोन. सीयूजी म्हणजे 'क्लोज्ड युजर ग्रुप', एका कंपनीच्या फोनांचा गट, हे इथे सांगायची गरज नाही, निम्म्या सभागृहानं सीयूजीवर संसार केलाय. आपसात फुकट, बाहेर पैसे. करार संपत आला होता आणि तीन कंपन्या दारात उभ्या. नावं सांगत नाही, त्यातल्या एकीचा टॉवर या इमारतीवरच आहे. (हशा)

तिघांचे तीन 'की अकाउंट मॅनेजर', म्हणजे मोठी गिऱ्हाइकं सांभाळणारे. हे पद मला फार आवडतं. किल्ली त्यांच्याकडे असते आणि कुलूप आपण. पहिला आला तो चितळ्यांची बाकरवडी घेऊन. दुसरा डायऱ्या घेऊन. तिसरा पोरगा रिकाम्या हातानं आला, पण येताना गेटवरच्या सिक्युरिटीला नावानं हाक मारून आला. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं, की हा याआधी येऊन गेलेला आहे.

रेट आले. रेंटल तिघांचं सारखं, महिना 99. बाहेरच्या कॉलला पहिल्याचे 30 पैसे, दुसऱ्याचे 28, तिसऱ्याचे 25. मी कम्पॅरेटिव्ह स्टेटमेंट केलं. हा कागद मी आयुष्यात हजारदा केलाय. त्यात मेकला रकाना असतो, रेटला असतो, डिलिव्हरीला, पेमेंट टर्म्सला असतो. रेंजला रकाना नव्हता. मोबाईल विकत घेताना रेंजला रकाना नाही! तूरडाळ घेताना मी दाणा चावून बघत होतो, आणि इथे...

बरं, अगदीच नव्हतं असंही नाही. मी म्हटलं, डेमो द्या. तिसरा पोरगा म्हणाला, ''सर, सगळे डिपार्टमेंट हेड एकत्र येतील अशी जागा बघू. कँटीन चालेल?'' चालेल म्हटलं. चहाच्या वेळी त्यानं बारा हेडच्या हातात बारा फोन दिले, कँटीनच्या उत्तरेकडच्या खिडकीपाशी उभं केलं आणि म्हणाला, लावा कुणालाही. टाचणी पडल्यासारखा स्वच्छ आवाज. आमचे प्रॉडक्शन हेड कधी कशाला चांगलं म्हणत नाहीत, ते म्हणाले, ''बरंय.'' झालं. ऑर्डर गेली.

त्या वेळी पोर्टिंगला, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलायला, एका अधिकारपत्रावर 50 नंबर जायचे. म्हणजे साडेतीनशे नंबरांना सात पत्रं. सातही पत्रांवर माझी सही. रविवारी नंबर हलले. सोमवारी सकाळी पावणेनऊला प्रेस शॉपमधून एक फोर्कलिफ्टवाला चालत माझ्या केबिनमध्ये आला. अर्धा किलोमीटर चालत. म्हणाला, ''साहेब, डिस्पॅचवाले मला फोन लावतायत असं मला आता एकानं येऊन सांगितलं.''

लोखंडी पत्र्याची शेड, आत चारशे टनांचे प्रेस, वर छताखाली धावणारी ईओटी क्रेन. फोनवर रेंजची एक काडीसुद्धा नाही. जुन्या कंपनीच्या दोन तरी यायच्या. मी तडक कँटीनमध्ये गेलो, खिडकीपाशी फोन धरला. पाचच्या पाच! कँटीनचा पोऱ्या टेबल पुसत होता, तो म्हणाला, ''साहेब, त्या खिडकीत सगळ्या कंपन्यांचे फोन लागतात. टॉवर समोरच आहे ना. म्हणून तर पोरं इथं येऊन घरी फोन करतात.'' साडेतीनशे माणसांचा करार मी केला, सतरा सह्या केल्या, आणि जी माहिती हवी होती ती फडकं हातात घेतलेल्या पोऱ्याकडे होती.

मग काय झालं ते सांगत बसलो तर वडे गार होतील. परत पोर्ट करावं तर एकदा हलवलेला नंबर 90 दिवस हलत नाही. नव्या कंपनीवाले रेंज वाढवणारा बूस्टर लावून देतो म्हणाले, तो लागला पाच महिन्यांनी. तोवर प्रेस शॉपमधल्या प्रत्येकानं स्वतःच्या पैशानं जुन्या कंपनीचं प्रीपेड सिम घेतलं. दोन खिशांत दोन फोन. कंपनीचा फोन कँटीनमध्ये वाजायचा, स्वतःचा मशीनवर. आणि वर्षाअखेरच्या प्रेझेंटेशनमध्ये 'कम्युनिकेशन कॉस्ट सेव्हिंग'ची स्लाइड कुणाची? माझी. टाळ्याही मिळाल्या. कामगारांनी खिशातून भरलेला रिचार्ज कुठल्याच स्लाइडवर येत नाही.

आता माझं स्वतःचं दुखणं. हे विषयात बसतं, अध्यक्ष माझ्याकडे बघतायत, पण बसतं.

त्या कराराबरोबर एक मोबाईल पॉलिसी लिहायची होती. मीच लिहिली. कलम चार: 'नंबर हा पदाचा असेल, व्यक्तीचा नाही. सेवा संपताच सिम एचआरकडे जमा करावे.' मला फार अभिमान होता त्या वाक्याचा. व्हेंडरला रोज नवा नंबर कळवत बसायला नको, हा त्यामागचा विचार. पुढे मी निवृत्त झालो. नारळ, शाल, घड्याळ. घड्याळ देऊन झाल्यावर एचआरच्या मुलीनं हळूच हात पुढे केला, ''सर, सिम.'' चौदा वर्षं तो नंबर. बँकेत तो, गॅसला तो, आधारला तो, सोयरिकी जुळवताना बायोडेटावर तो. मी म्हटलं, अगं, कंपनीनं ना-हरकत पत्र दिलं की नंबर माझ्या नावावर होतो, फोनवाल्यांची तशी सोय आहे. ती म्हणाली, ''सर, कलम चार.'' खाली सही माझी.

आता तो नंबर माझ्या जागी आलेल्या मुलाकडे आहे. गुणी पोरगा. पहिल्या आठवड्यात आमच्या हिनं सवयीनं फोन लावला आणि पलीकडचं 'हॅलो' पूर्ण व्हायच्या आत सांगितलं, ''येताना कोथिंबीर आणि दोन लिंबं आणा.'' तो म्हणाला, ''हो काकू.'' आणि संध्याकाळी घेऊन आला! (हशा) त्या दिवसापासून ही म्हणते, नंबर तिकडेच राहू दे.

चिठ्ठी आली. 'सात मिनिटं.' अरे बापरे. पत्रिकेवरचा विषय अजून सुरूच व्हायचाय. भराभर सांगतो.

प्रश्न असा, की मोठ्या गिऱ्हाइकासाठी या कंपन्या एवढ्या का भांडायच्या? त्यांना त्यात काय मिळायचं? तर तेव्हा एका कंपनीच्या फोनवरून दुसऱ्या कंपनीच्या फोनवर कॉल गेला, की पहिलीनं दुसरीला मिनिटामागे पैसे द्यायचे. आमच्या करारावेळी 20 पैसे होते. मार्च 2015 मध्ये 14 झाले, ऑक्टोबर 2017 मध्ये 6, आणि 1 जानेवारी 2021 पासून शून्य. आता गोणी उलटी करा. आपसातले कॉल एकाच जाळ्यात, तिथे कुणालाच काही द्यायचं नाही. म्हणजे जे 'फुकट' म्हणून मिरवलं, त्यावर त्यांचा रोख खर्च जवळपास नव्हताच. बाहेरच्या 25 पैशांतले 20 समोरच्या कंपनीला गेले, म्हणजे घासाघीस जी झाली ती उरलेल्या पाचांवर. दुसऱ्याच्या 28पेक्षा तीन पैसे कमी पाडले म्हणून मी मिशीला पीळ देत होतो.

आणि खरी मेख पुढे आहे. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक मिनिटाचे 20 पैसे आमच्या फोन-कंपनीवाल्यांना मिळत होते. परचेसचा माणूस म्हणजे कोण? ज्याला दिवसभर लोक फोन करतात तो. पत्रेवाला, ट्रान्सपोर्टवाला, 'सर, पेमेंटचं बघा' म्हणणारा. असले साडेतीनशे वाजते फोन मी त्यांच्या हवाली केले, वर रेंटल दिलं, आणि सवलत मिळाली म्हणून पेढे वाटले. शिवाय नवऱ्याचा फोन त्या कंपनीचा, म्हणून बायकोचा त्याच कंपनीचा, मग मुलांचा. ती गिऱ्हाइकं जाहिरातीशिवाय.

5 सप्टेंबर 2016ला जिओ आलं आणि बोलणंच सगळ्यांना फुकट झालं. सीयूजीची हवा गेली. भांडण डेटावर आलं. त्यातलं सगळ्यात मोठं उदाहरण रेल्वेचं. तिथे एअरटेलची सुमारे 1 लाख 95 हजार सीयूजी कनेक्शन होती आणि वर्षाचं बिल 100 कोटींच्या घरात. भागाकार करा, नंबरामागे महिना सव्वाचारशेच्या आसपास येतात. 1 जानेवारी 2019 पासून हे काम जिओकडे गेलं. वरिष्ठ अधिकाऱ्याला 125 रुपयांत 60 जीबी, मधल्याला 99 रुपयांत 45, आणि गट 'क'च्या माणसाला 67 रुपयांत 30 जीबी. बिल निदान 35 टक्क्यांनी उतरेल असं तेव्हा सांगितलं गेलं. 67 रुपये! वड्याच्या दोन प्लेटी येत नाहीत. मला त्यात वेगळंच दिसतं. पायरीनुसार जीबी. कागदावर ते शोभतं, पण रुळांवर काम करणाऱ्या गँगमनला बोगद्याच्या तोंडाशी रेंज हवी असते, साहेबाला केबिनमध्ये वायफाय असतो. कुणाला काय हवं हे पदावरून ठरवलं की माझं कलम चार झालं.

तीन मिनिटं. ठीक.

मग विकणारे कमी झाले. लूप 2014 मध्ये गेली, रिलायन्स कम्युनिकेशन्सचा आवाज 2017च्या शेवटी बंद झाला, एअरसेल 2018 मध्ये बुडाली, व्होडाफोन-आयडिया ऑगस्ट 2018 मध्ये एक झाल्या, टाटांची मोबाईल सेवा एअरटेलमध्ये गेली. आता टेंडर काढलं तर तीन खासगी आणि बीएसएनएल. जुलै 2021 मध्ये एअरटेलनं कॉर्पोरेट प्लॅनची पहिली पायरीच 299 रुपयांवर नेली. बाकरवडी बंद झाली हो. आता ते नुसतं सिम विकत नाहीत. लीज लाइन घ्या, क्लाउड घ्या, मशीनमधली सिम घ्या, मीटरमधली घ्या, मग फोनवर सूट. पूर्वी एक कुलूप होतं, आता जुडगा आहे. एक गोष्ट बरी झाली. 2023 मध्ये सरकारनं घाऊक कनेक्शनची पद्धत बंद करायचं जाहीर केलं आणि सिम वापरणाऱ्या प्रत्येकाचं केवायसी आलं. निदान सिम कुणाच्या खिशात आहे हे तरी कागदावर लागलं. नंबर मात्र कंपनीचाच.

इथे कुणी अजून परचेसमध्ये असेल तर त्याच्यासाठी दोन मागण्या. डेमो कुठे घ्यायचा ते आपण ठरवायचं, सगळ्यात वाईट शेडमध्ये, क्रेनखाली, आणि फोन हेडच्या नाही, फोर्कलिफ्टवाल्याच्या हातात द्यायचा. आणि पाच वर्षांच्या वर नंबर वापरलेल्या माणसाला निवृत्तीच्या दिवशी शालीबरोबर ना-हरकत पत्र द्यायचं.

ही दोन्ही कलमं पॉलिसीत घाल म्हणून गेल्या महिन्यात मी माझ्या जागी आलेल्या त्या मुलाला फोन केला. म्हणजे माझ्याच नंबरावर. तो म्हणाला, ''सर, डेमोचं लगेच घालतो. नंबरचं जरा थांबू या का? फोनवर तुम्हीच आहात असं समजून काही व्हेंडर अजून दोन टक्के कमी सांगतात.''