भेंडवळचा घट आणि माद्रिदचा शब्द

अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळच्या शिवारात वर्षाचे भाकीत पाहण्यासाठी घटमांडणी होते. गोल घटाच्या कडेने गहू, ज्वारी, तूर, सरकी अशी अठरा धान्ये मांडली जातात; मधल्या खड्ड्यात चार ढेकळे, म्हणजे पावसाळ्याचे चार महिने, त्यांवर पाण्याची घागर आणि घागरीवर पापड, सांडोळी, कुरडई. सकाळी कोणते ढेकूळ किती भिजले, कोणता दाणा कुठे सरकला, हे पाहून पाऊस आणि पीक सांगितले जाते. घटात विड्याच्या पानावर ठेवलेली सुपारी म्हणजे राजा. ती जागची हलली नाही, तर सत्ता कायम.

हवामान आणि सत्ता येथे एकाच घटात उघड्यावर मांडली जाते. हवामानबदलाच्या वैज्ञानिक अहवालांतही दोन्ही असतात, फक्त सुपारी तेथे बंद दाराआड हलते. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या आयपीसीसीचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक आंतरसरकारी समितीचा, मूळ अहवाल शास्त्रज्ञ लिहितात. धोरणकर्त्यांसाठीचा सारांश मात्र सरकारांचे प्रतिनिधी ओळ न् ओळ तपासून मंजूर करतात. १९९५ साली माद्रिदमध्ये अशा मंजुरीच्या बैठकीत सौदी अरेबिया आणि कुवेतच्या प्रतिनिधींनी आक्षेप लावून धरले आणि हवामानावरील मानवी प्रभावाला अखेर ‘जाणवण्याजोगा’ हे बेताचे विशेषण मिळाले. पुढे तापमानवाढीला मुख्यतः माणूस कारणीभूत असल्याची खात्री २००१ मध्ये किमान ६६ टक्के, २००७ मध्ये ९० आणि २०१३ मध्ये ९५ टक्के अशी चढत गेली, आणि २०२१ मध्ये, मानवामुळे पृथ्वी तापली हे ‘निर्विवाद’ आहे, असे लिहिले गेले. हा शब्द १९५ सदस्य सरकारांच्या मंजुरीनेच आला, हे आवर्जून सांगावे लागते. कारण ‘शास्त्रज्ञांचेच अजून ठरत नाही’ हे वाक्य राजकारणातून अद्याप गेलेले नाही.

कोळशाची वीज म्हणजे चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राची धुराडी. ‘निर्विवाद’नंतर तीनच महिन्यांनी, ग्लासगोच्या संयुक्त राष्ट्र हवामान परिषदेच्या अखेरच्या बैठकीत, भारत आणि चीनच्या आग्रहावरून कोळशाची वीज ‘बंद करत नेणे’ बदलून ‘कमी करत नेणे’ असे झाले. गरीब देशाला वीज हवी, हा भारताचा मुद्दा खोटा नव्हता. पण त्या दिवशी विज्ञानात काहीही बदलले नव्हते, बदलले ते क्रियापद.

मृगाच्या भरवशावर धूळपेरणी केलेल्या एका शेतातील सरकी पावसाने उघडीप दिल्याने वाया गेली. एका उघडिपीचा दोष हवामानबदलाला देता येत नाही, आणि शास्त्रज्ञही तो देत नाहीत. धुऱ्यापलीकडे दोन बाया दोरी धरून पुन्हा सरकी टोबत आहेत.