आवाज एकाचा, चेहरा दुसऱ्याचा

‘द विझर्ड ऑफ ऑझ’ चित्रपटातलं हे गाणं नीट ऐका. पिवळ्या विटांचा रस्ता, त्यावरून नाचत निघालेली डोरोथी आणि तिच्यासोबत पत्र्याचा माणूस. पत्र्याच्या वेषात दिसतोय तो जॅक हेली. पण या कोरसमध्ये मिसळलेला आवाज त्याचा नाही. तो बडी एब्सनचा आहे. आणि एब्सन या चित्रपटात कुठेच दिसत नाही.

ऑक्टोबर १९३८. ‘द विझर्ड ऑफ ऑझ’चं शूटिंग सुरू झालं, तेव्हा पत्र्याचा माणूस एब्सनच होता. गाणी आधीच ध्वनिमुद्रित झाली होती. चेहरा चकाकावा म्हणून मेकअपवर ॲल्युमिनियमची पूड मारायचे. ती श्वासावाटे फुप्फुसात गेली आणि काही दिवसांतच एब्सन इस्पितळात पोचला. स्टुडिओ थांबला नाही. हेली आला, पुडीच्या जागी लेप आला. हेलीने एकट्याचं गाणं नव्याने गायलं. कोरस मात्र होता तसाच राहिला.

दिग्दर्शकही टिकेनात. रिचर्ड थॉर्प यांना काढलं, त्यांनी चित्रित केलेलं बाजूला पडलं. मग जॉर्ज क्युकर आले, तेही जेमतेम काही दिवसांसाठी. पण तेवढ्यात त्यांनी डोरोथी झालेल्या जुडी गारलंडच्या डोक्यावरचा सोनेरी विग उतरवला, जाड मेकअप पुसायला लावला. आज आपण ओळखतो ती साधी, गावाकडची डोरोथी तिथे जन्मली. पुढे व्हिक्टर फ्लेमिंग यांनी बराचसा चित्रपट केला आणि तेही मध्येच ‘गॉन विथ द विंड’ या दुसऱ्या चित्रपटावर गेले. तिथून कोणाला काढलं होतं? क्युकर यांनाच! उरलेला कॅन्ससचा, म्हणजे डोरोथीच्या घरचा भाग किंग व्हिडॉर यांनी उरकला. श्रेयनामावलीत दिग्दर्शक म्हणून एकटे फ्लेमिंग.

माणूस गेला की त्याचं कामही जातं, असं बाहेरून वाटतं. सेटवर हिशेब वेगळा असतो. जे पुन्हा करणं परवडत नाही, ते ठेवायचं आणि त्याच्याभोवती नवं जुळवायचं. सिनेमावाले याला पॅचवर्क म्हणतात. प्रेक्षकाला टाका दिसला नाही की झालं.

कधी दगा यंत्रच देतं. ‘जॉज’ या थरारपटातला यांत्रिक शार्क समुद्राच्या खाऱ्या पाण्यात सारखा बिघडायचा. ५५ दिवसांचं शूटिंग १५९ दिवसांवर गेलं. शार्क दाखवता येईना, मग त्याला अडकवलेली, पाण्यावरून सरकणारी पिवळी पिंपं दाखवली. या किश्श्यावरून लोक म्हणतात, अडचण आली की कला बहरते. मला हे फार सोयीचं वाटतं. अडचणीत बुडालेले चित्रपट कोण मोजतं?

आणि हा ‘पाकिजा’. १९५०च्या दशकात सुरू झालेला. कृष्णधवल, मग रंगीत, मग रुंद पडद्याचा सिनेमास्कोप. तंत्र बदललं की आधीचं काम वाया. सुरुवातीला नायक होणार होते अशोक कुमार. चित्रपट पुरा होईपर्यंत ती भूमिका राज कुमार यांच्याकडे आली आणि अशोक कुमार नायिकेचे वडील झाले. १९६४मध्ये कमाल अमरोही आणि मीनाकुमारी वेगळे झाले. दिग्दर्शक नवरा, नायिका बायको, शूटिंग ठप्प.

ते १९६९मध्ये पुन्हा सुरू झालं, तोवर छायाचित्रकार जोसेफ वीरशिंग गेले होते, संगीतकार गुलाम मोहम्मदही गेले होते. मीनाकुमारींची तब्येत पार ढासळली होती. आता शेवटाकडचा हा मुजरा पाहा. चेहरा ओढणीआड, कॅमेरा दूर. गिरक्या घेणारी नर्तकी आहे पद्मा खन्ना. ओढणी सरते, कॅमेरा जवळ येतो, तेव्हा मीनाकुमारी दिसतात. ओढणी कथेत शोभते, म्हणून कोणाला शंका येत नाही. पण तिच्यामागे आजारपण लपलंय, हे कळल्यावर हा शॉट पूर्वीसारखा पाहता येत नाही.

गाणी गुलाम मोहम्मद यांची. पार्श्वसंगीत पुरं केलं नौशाद यांनी.

चित्रपट ४ फेब्रुवारी १९७२ रोजी प्रदर्शित झाला. मीनाकुमारी ३१ मार्चला गेल्या.