जंगलाचा पैसा कुणाच्या हातात?

नमस्कार मंडळी! देशाला जंगलातून काय मिळतं, असं विचारलं की सागवान, कागद, डिंक अशी यादी लगेच तयार होते. माझ्या मते त्याआधीचा प्रश्न वेगळा आहे: हा माल विकायचा हक्क कुणाचा?

चला गडचिरोलीत, धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावात. गोंड आदिवासींचं छोटं गाव, भोवती बांबूचं जंगल. बांबू खरं तर गवत. पण 1927 च्या वन कायद्याने त्याला झाडांत बसवलं आणि त्याच्यावर ताबा राहिला वनखात्याचा. बांबू जायचा कागद कारखान्याला, तोडणाऱ्याच्या हाती यायची फक्त मजुरी.

2006 च्या वनहक्क कायद्याने बांबू, तेंदू (ज्याच्या पानांत विडी वळतात), मोह हे सगळं गौण वनोपज, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणारा इतर माल, ठरवलं आणि त्याची मालकी गावाला दिली. 2009 मध्ये मेंढ्याला सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबूचा ट्रक गावाबाहेर काढायचा तर वाहतूक परवाना हवा, आणि तो द्यायचा अधिकार वनखात्याकडेच! मालक गाव, पण किल्ली दुसऱ्याकडे. गाव मागे हटलं नाही. अखेर 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. गावचे नेते देवाजी तोफा आणि गावकऱ्यांनी वर्षानुवर्षं चालवलेल्या लढ्याचं हे फळ. त्यानंतर बांबू कुणाला, काय भावाने द्यायचा, हे ग्रामसभा ठरवू लागली. मजुरी मिळतेच, वर विक्रीचा पैसाही गावात राहतो. मला हा बदल फार मोठा वाटतो.

आणि जे विकलंच जात नाही त्याचं काय? मार्च-एप्रिलमध्ये पहाटे बायका मोहफुलं वेचतात, वाळवून घरात साठवतात. सरपण, रानभाज्या, कंद घरातच संपतात. बाजारात न आल्यामुळे देशाच्या हिशेबात त्यांची नोंद फारच तोकडी होते. त्या घरांना मात्र ते धान्याइतकंच लागतं.

पुढे जिल्ह्यातल्या अनेक ग्रामसभा तेंदूपानांचा लिलावही स्वतःच करू लागल्या. यात जोखीम आहे, हेही सांगायला हवं. लिलाव गावाचा असला तरी पानं घेणारा ठेकेदार बाहेरचा, आणि भाव विडीच्या धंद्यावर हलतो. 2017 मध्ये तेंदूपानावर 18 टक्के जीएसटी लागला. म्हणून ग्रामसभेला कर, करारनामा, थकबाकीची वसुली हे सगळं शिकावं लागतं, आणि शिकवणारी माणसं आज तिथे कमी पडतात.